आधी ऑडिशन, मग आवाहन : परदेशात वाद्य शिकायला पैसा उभा करण्याचा क्रम

गिरगावातल्या एका छोट्या ट्रस्टच्या निवड समितीवर मी सात वर्षं आहे. त्याआधीची सगळी नोकरी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली. दरवर्षी मे-जूनमध्ये व्हायोलिन, चेलो किंवा पियानो शिकायला परदेशी निघालेल्या मुलांचे अर्ज आमच्यासमोर येतात. मुलं चांगली वाजवतात, आईवडील प्रामाणिक असतात. पण अर्जात एकच मोठा आकडा असतो, 'एक कोटी आठ लाख', आणि खाली 'कृपया सढळ हस्ते मदत करावी'. कॉलेज सप्टेंबरात सुरू होणार असतं आणि पत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यातलं असतं. आम्ही देऊ शकतो दीड-दोन लाख. बाकीचे कुठून येणार, हे अर्जात कुठेच नसतं. अशा अर्जाला पैसे देणं म्हणजे ते कदाचित वाया जाणार हे माहीत असूनही देणं, म्हणून समिती कचरते.

या अर्जांत चूक असते ती क्रमाची. लोक ओळखीपाळखीच्या मंडळींपासून सुरुवात करतात आणि संस्थेकडे फी कमी करा म्हणायला शेवटी जातात. हे उलट व्हायला हवं. आधी संस्था, मग ट्रस्ट, मग बँक आणि सगळ्यात शेवटी माणसं. माणसांकडे जाताना एकूण खर्च मागायचा नाही, उरलेली तूट मागायची. सप्टेंबरात जायचं असेल तर या कामाला आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये हात घाला. अठरा महिने लागतात.

१. बारावीनंतर की पदवीनंतर, हे आधी ठरवा

हा प्रश्न संगीताचा वाटतो, पण पैशाच्या बाजूनं तो सगळ्यात मोठा आहे. मुंबईतल्या ज्या नावाजलेल्या ट्रस्टांकडे लोक पहिल्यांदा धावतात, त्या जे. एन. टाटा एन्डाउमेंट आणि के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जशिष्यवृत्त्या पदवीधरांसाठी आहेत. बारावी झालेल्या मुलाला तिथे दार बंद. जर्मन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या डाड (DAAD) या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची संगीतासाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, तीही पदवीधरांनाच.

म्हणजे बारावीनंतर जायचं असेल तर खरे स्रोत तीनच : संस्थेची स्वतःची शिष्यवृत्ती, घरचा पैसा आणि बँक. त्यात ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटोअरमधली, म्हणजे खास संगीताच्या महाविद्यालयातली, पदवी चार वर्षांची असते. घरात पैसा नसेल आणि मूल अगदी विलक्षण वाजवत नसेल, तर माझा सल्ला सरळ आहे. इथे रुईया, झेवियर्स, साठ्ये, कुठेही बी.ए. किंवा बी.कॉम. करा, रियाज चालू ठेवा, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षामंडळांच्या आठव्या ग्रेडवर न थांबता डिप्लोमा करा आणि मास्टर्सला जा. दोन वर्षांचा खर्च उभा करणं चार वर्षांच्या खर्चाच्या निम्म्याहूनही सोपं असतं, कारण दारं जास्त उघडी असतात. शिक्षकांना हा सल्ला आवडत नाही. बोटं लवकर तयार व्हायला हवीत हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण कर्जाचे हप्ते ते फेडत नाहीत.

> तपासा : मास्टर्सला संगीताचीच पदवी लागते की कोणतीही पदवी आणि डिप्लोमा चालतो, हे प्रत्येक संस्थेला ईमेलनं विचारा. जर्मनीत बहुतेक ठिकाणी संगीताचीच पदवी लागते. उत्तर लेखी घ्या, पुढे ट्रस्टच्या फाइलमध्ये उपयोगी पडतं.

२. देश निवडताना पूर्ण अभ्यासक्रमाची बेरीज करा

वेबसाइटवर दिसते ती एका वर्षाची फी. अर्जात तीच लिहून येणारे महाभाग दरवर्षी भेटतात.

ब्रिटन : लंडनच्या संस्थांत परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला ३० हजार पौंडांच्या आसपास. त्यात लंडनचं घरभाडं. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, ग्लासगो, कार्डिफ इथे राहणं स्वस्त पडतं आणि शिक्षक काही दुय्यम नसतात.

जर्मनी : सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नाही, सहामाहीला काहीशे युरोंचं शुल्क तेवढं असतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो आहेत. स्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, मानहाइम, कार्ल्सरुहे हे सगळे त्याच राज्यातले. फी नसली तरी व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, आधी भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे. शिवाय जर्मन भाषा हवी. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात बी-१ किंवा बी-२ या मधल्या पातळ्यांपर्यंत पोहोचायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि तो खर्च आजपासून सुरू होतो.

अमेरिका : फी डोळे पांढरे करणारी, पण सवलतीही तशाच. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाची पूर्ण फी माफ असते. लॉस एंजेलिसचं कोलबर्न कॉन्झर्व्हेटोरी आणि येल स्कूल ऑफ म्युझिक यांचंही तसंच. तिथे जागा मोजक्या आणि स्पर्धा जगभरातली, त्यामुळे यादीत एखादं असावं, सगळी यादी त्यांची नसावी. त्याहून व्यवहारी वाट म्हणजे सरकारी विद्यापीठांतली असिस्टंटशिप. मास्टर्स किंवा डॉक्टरेटचा विद्यार्थी ऑर्केस्ट्रात वाजवतो किंवा खालच्या वर्गांना शिकवतो, आणि त्याबदल्यात फी माफ होऊन दरमहा थोडं मानधन मिळतं. आपल्याकडे ही वाट फार कमी लोक विचारात घेतात, कारण त्या विद्यापीठांची नावं नातेवाइकांना माहीत नसतात.

महाराष्ट्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीला पात्र असाल तर एक खोच लक्षात ठेवा. या योजना क्यूएस या संस्थेच्या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची अट घालतात. स्वतंत्र कॉन्झर्व्हेटोअर कितीही मोठं असलं तरी त्या सर्वसाधारण क्रमवारीत नसतं, ते फक्त विषयवार यादीत दिसतं. या वाटेनं जायचं असेल तर मोठ्या विद्यापीठाचा संगीत विभाग निवडा.

३. खर्चाचा एक कागद तयार करा

एकच कागद. त्यावर वर्षवार रकाने आणि प्रत्येक ओळीसमोर परकीय चलन व रुपये दोन्ही. आजचा दर धरून त्यावर दहा टक्के वाढवा, कारण रुपया आपल्या सोयीनं चालत नाही.

लोक हमखास विसरतात त्या ओळी अशा. प्रत्येक संस्थेचं अर्जशुल्क आणि वेगळं ऑडिशन शुल्क. साथीच्या पियानोवादकाचं मानधन. ब्रिटनचा आरोग्य अधिभार, जो विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आहे आणि पूर्ण मुदतीचा एकदम भरावा लागतो. म्हणजे चार वर्षांच्या पदवीला तीन हजार पौंडांच्या वर रक्कम व्हिसाच्या दिवशीच जाते. तारा, बोचे (वाद्याच्या गजाचे) केस बदलून घेणं, वाद्याचा विमा. चेलो असेल तर विमानात त्याची स्वतंत्र सीट. आणि उन्हाळ्याची सुट्टी. भाडं बारा महिन्यांचं असतं, हिशेबात मात्र लोक नऊच महिने धरतात.

नवं वाद्य या कागदावर टाकू नका. जायच्या आधी दहा लाखांचं व्हायोलिन घेऊन दिलेले पालक मी पाहिले आहेत. बऱ्याच संस्थांकडे विद्यार्थ्यांना वापरायला देण्यासाठी वाद्यांचा साठा असतो, आणि नवा शिक्षक पहिल्याच महिन्यात 'हे बदल' म्हणण्याची शक्यता असतेच.

> सावधान : 'तिकडे कार्यक्रम करून कमावेल' ही ओळ जमेच्या बाजूला लिहू नका. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक कलाकार म्हणून किंवा स्वयंरोजगार म्हणून काम करायला मनाई आहे. पैसे घेऊन लग्नात वाजवलं तरी व्हिसाचा भंग होतो. अमेरिकेत सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण ती नोकरी असावी लागते. अर्जात ही चूक दिसली की समितीला कळतं, नियम वाचलेलेच नाहीत.

४. रेकॉर्डिंग हाच तुमचा पहिला पैशाचा अर्ज

संस्था शिष्यवृत्ती देते ती ऑडिशन ऐकून. फी निम्मी होणार की पूर्ण भरावी लागणार, हे त्या वीस मिनिटांत ठरतं. तरीही या टप्प्यावर लोक काटकसर करतात. हॉलमध्ये पंखा फिरतोय, फोन स्टुलावर टेकवलेला, पियानो महिनोन्महिने ट्यून केलेला नाही. इथे पंधरा-वीस हजार जास्त खर्च करा. पुढचे लाखो वाचवायची हीच जागा आहे.

तारखा उलट्या क्रमानं मोजा. ब्रिटनच्या बहुतेक कॉन्झर्व्हेटोअरचे अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच बंद होतात, प्रवेशाच्या जवळजवळ वर्षभर आधी. अमेरिकेत प्राथमिक चाळणीची रेकॉर्डिंगं साधारण १ डिसेंबरपर्यंत आणि प्रत्यक्ष ऑडिशन जानेवारी ते मार्च. जर्मनीत हिवाळी सत्राच्या प्रवेशपरीक्षा उन्हाळ्यात होतात, म्हणजे निकाल आणि व्हिसा यांच्यात फार थोडे दिवस उरतात.

मुंबईत रेकॉर्डिंगचा हंगाम आपला आपण ठरवावा लागतो. जून ते सप्टेंबर पत्र्यांवर पाऊस, मग गणपती, मग नवरात्र. मे संपायच्या आत करून टाका. रविवारी सकाळी सहा ते आठ, वांद्र्याच्या किंवा माझगावच्या एखाद्या शाळेचा किंवा चर्चचा हॉल, एसी आणि पंखे बंद. घाम येतो, पण आवाज स्वच्छ येतो. कावळ्यांचं काही करता येत नाही.

कॅमेरा एकाच जागी, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. प्रत्येक रचना सलग, मध्ये काटछाट नाही. साथीचा पियानो हवा असं लिहिलेलं असेल तर साथीदाराबरोबर किमान चार तालमी करा. साथीदार आणि वादक एकमेकांना त्याच दिवशी भेटले आहेत, हे ऐकणाऱ्याला दोन ओळींत कळतं.

एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास असतो. त्या वेळी बाहेरचे एकलवादक येतात आणि अधूनमधून मास्टरक्लास होतात. तिथे वाजवा. घरच्या शिक्षकाच्या पत्रापेक्षा बाहेरच्या वादकाच्या चार ओळी ट्रस्टवर जास्त परिणाम करतात, मग घरच्या शिक्षकाला कितीही राग येवो.

५. संस्थेकडे मागा, आणि पुन्हा मागा

तुमचा सगळ्यात मोठा देणगीदार ही संस्थाच असणार आहे. फॉर्ममध्ये 'आर्थिक मदत हवी आहे का' असा चौकोन असतो, तो लाजून रिकामा सोडणारी मराठी घरं मला माहीत आहेत. प्रवेश हुकेल अशी भीती वाटते. आर्थिक मदतीचा वेगळा फॉर्म आणि वेगळी अंतिम तारीख असते, ती प्रवेशाच्या तारखेशी जुळतेच असं नाही. अमेरिकेत अनेक संस्था सीएसएस प्रोफाइल नावाचा ऑनलाइन तपशील मागतात. त्यात वडिलांच्या पगारपत्रकापासून राहत्या घराच्या किमतीपर्यंत सगळं भरावं लागतं. सोसायटीच्या फ्लॅटची बाजारभावानं किंमत लिहिली की मुंबईकर कागदावर करोडपती दिसतो. म्हणून सोबत एका पानाचं पत्र जोडा : हे एकमेव राहतं घर आहे, यातून उत्पन्न नाही.

प्रवेशपत्र आल्यावर दिलेली सवलत अंतिम समजू नका. दोन संस्थांची पत्रं हातात असतील तर पहिल्या पसंतीच्या संस्थेला नम्रपणे लिहा : 'मला तुमच्याकडेच यायचं आहे. दुसऱ्या संस्थेनं इतकी सवलत दिली आहे. माझी तूट इतकी आहे. काही वाढवता येईल का?' पत्र सोबत जोडा, आकडा खरा लिहा. अमेरिकेत हे सर्रास चालतं. तिथे निकाल एप्रिलच्या सुरुवातीला आणि उत्तर द्यायची मुदत साधारण १ मेपर्यंत, म्हणजे हातात महिनाभर असतो.

> सावधान : जागा राखण्याची अनामत रक्कम भरण्याआधी ती परत मिळते का, हे वाचा. बहुधा मिळत नाही.

६. ट्रस्टची फाइल

मुंबईतल्या मोठ्या ट्रस्टांच्या खिडक्या साधारण जानेवारी ते मार्च-एप्रिल उघड्या असतात. म्हणजे तुमचा निकाल यायच्या आधी किंवा येत असतानाच. 'प्रवेश पक्का झाल्यावर अर्ज करू' म्हणणाऱ्यांचं वर्ष इथे जातं. प्रवेशपत्र नंतर जोडायला चालेल का, हे फोन करून विचारा. पुष्कळदा चालतं.

कर्जशिष्यवृत्ती या शब्दातला 'कर्ज' हा भाग नीट वाचा. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी आहे, पण परत करायचीच आहे. जामीनदार लागतात, आणि काका ऐन वेळी सही करायला नाही म्हणतात. जानेवारीतच विचारून ठेवा.

विषयांची वगळलेली यादी आधी वाचा. काही शिष्यवृत्त्या अभियांत्रिकी, वैद्यक यांच्या रांगेत संगीतालाही बाहेर ठेवतात. रोटरीची ग्लोबल ग्रँटही अशीच. तिचे ठरलेले सात विषय आहेत, पाणी, आरोग्य, शिक्षण वगैरे, आणि व्हायोलिनवादन त्यात बसवायला गेलात तर ओढूनताणून होतं. एखादा स्थानिक क्लब स्वतःच्या निधीतून छोटी मदत करू शकतो, ती वेगळी गोष्ट. कंपन्यांना सीएसआरसाठी (सामाजिक कामाच्या निधीसाठी) पत्रं पाठवण्यातही वेळ घालवू नका. तो पैसा नोंदणीकृत संस्थांमार्फत जातो, एका विद्यार्थ्याच्या खात्यात सहसा येत नाही. ज्ञातीच्या आणि गावच्या संस्था मात्र विसरू नका. वीस-पंचवीस हजार देतात, पण लवकर देतात, आणि त्यांची पत्रं मोठ्या ट्रस्टपुढे ठेवता येतात.

मुलाखतीत अडखळतात ती मुलं एकाच प्रश्नावर : 'कर्ज कसं फेडणार?' 'मोठा कलाकार होऊन' हे उत्तर समिती ऐकते आणि पुढच्या नावाकडे वळते. ऑर्केस्ट्रातली जागा, शाळेतलं शिक्षकपद, खासगी शिकवणी यांचा दरमहा आकडा मांडा. दादर-पार्ल्यात चांगला व्हायोलिन शिक्षक तासाला काय घेतो, हे समितीतल्या कुणालातरी माहीत असतंच, तेव्हा फुगवू नका.

७. बँक

बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही, ४ ते साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीची हमी आणि त्यापुढे तारण लागतं. परदेशी शिक्षणाला १५ टक्के वाटा आपला असावा लागतो, मिळालेली शिष्यवृत्ती त्या वाट्यात धरता येते. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं.

शाखेत गेल्यावर अधिकारी म्हणेल, 'चेलो? हा जॉब ओरिएंटेड कोर्स आहे का?' मीही तीस वर्षं त्या टेबलावर बसून असंच म्हणालो असतो. त्याला संगीत पटवून देत बसू नका. पदवी देणारी मान्यताप्राप्त संस्था आहे याचं पत्र, अभ्यासक्रमाचं पान आणि खर्चाचा तो एक कागद पुढे ठेवा. विद्यालक्ष्मी पोर्टलवरूनही अर्ज टाका, म्हणजे नोंद राहते. पुस्तकं आणि उपकरणांच्या खर्चात वाद्य धरता येतं का, तेही विचारा.

तारणाच्या बाबतीत मुंबईचं स्वतःचं दुखणं आहे. पागडीची खोली तारण चालत नाही. सोसायटी पुनर्विकासाला गेली असेल, करार झाला असेल पण ताबा आला नसेल, तर बँक फाइल बाजूला ठेवते. असं असेल तर गावच्या जमिनीकडे वळण्याआधी मुदत ठेव, विमा पॉलिसी, मामाचा फ्लॅट अशी चाचपणी डिसेंबरातच करा. टायटल सर्च आणि मूल्यांकनाला महिना सहज जातो.

८. आता माणसांकडे

इथे येईपर्यंत तुमच्या कागदाचं रूप बदललेलं असेल. एक उदाहरण घेऊ, पौंड ११५ रुपये धरून. लंडनमधलं दोन वर्षांचं मास्टर्स, एकूण १ कोटी ८ लाख. संस्थेनं निम्मी फी माफ केली, ३४ लाख गेले. घरचे २०, ट्रस्टचे १०, बँकेचे ३५. उरले ९ लाख. हे ९ लाख मागायचे. एक कोटीच्या गरजेपुढे पाच हजार देणाऱ्याला आपलं देणं क्षुल्लक वाटतं. नऊ लाखांतले पाच हजार त्याला दिसतात.

पत्र मराठी माणसाला मराठीत लिहा. अर्ध्या पानापेक्षा मोठं नको. उदाहरणार्थ :

> स.न.वि.वि. माझी मुलगी बारा वर्षं चेलो शिकते आहे. येत्या सप्टेंबरात तिला … येथे दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला असून संस्थेनं निम्मी फी माफ केली आहे. घर, ट्रस्ट आणि बँक कर्ज यांतून बाकीची सोय झाली. ९ लाख रुपये कमी पडतात. त्यातले २५ हजार आपण द्यावेत अशी विनंती आहे. रक्कम ३० जूनपर्यंत हवी आहे. प्रवेशपत्र, हिशेब आणि सात मिनिटांचं वादन सोबत आहे. देणं जमलं नाही तरी वादन ऐकून कळवलंत तर तिला आनंद होईल.

आकडा लिहायला लाजू नका. 'यथाशक्ती' लिहिलं की लोक यथाशक्ती विसरतात. 'देशाचं नाव उज्ज्वल करेल' हे वाक्य काढून टाका, ते आम्ही प्रत्येक अर्जात वाचतो.

मदतीसाठी वादनाचा कार्यक्रम करायचा असेल तर आधी हॉलचा खर्च पाहा. माझ्या भाचीच्या वेळी आम्ही जुलैत एक मोठं नाट्यगृह घेतलं. दुपारपासून पाऊस, हार्बर लाइन बंद, माणसं एकतीस. भाडं, पियानोची ने-आण आणि ट्यूनर धरून वीस हजारांचा खड्डा पडला. दुसऱ्या वर्षी एका स्नेह्यांच्या शिवाजी पार्कच्या दिवाणखान्यात चाळीस माणसं बसवली, चहा आणि साबुदाणा वडे, तासभर वादन, शेवटी हिशेबाचा कागद वाटला. तिथे निम्मी तूट भरली. बाख किंवा बेथोव्हन वाजवायला परवाना लागत नाही. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे १९७५ साली गेलेला रशियन रचनाकार शोस्ताकोविच २०३५ संपेपर्यंत हक्काखाली राहतो.

केटो, मिलाप यांसारख्या ऑनलाइन वर्गणीच्या मंचांवर अनोळखी माणसं सहसा आजारपणाला देतात, चेलोला नाही. तिथली लिंक म्हणजे ओळखीच्यांना पैसे भरायची सोय, एवढंच समजा.

> सावधान, कर : नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५० हजारांच्या वर गेली की सगळीच करपात्र होते. कायद्याच्या व्याख्येत आजी-आजोबा, काका, मामा, मावशी, आत्या बसतात. मावसभाऊ, चुलतभाऊ बसत नाहीत. शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त असते. म्हणून ज्या स्नेह्याला मोठी रक्कम द्यायची आहे, त्याला थेट देण्याऐवजी बिनव्याजी हातउसने लेखी कागदावर आणि बँकेतून द्यायला सांगता येईल का, हे सीएला विचारा. परदेशी नागरिक झालेल्या मित्रांकडून पैसे घेण्याआधीही विचारा.

देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०जीची पावती तुम्ही देऊ शकत नाही. कुणी मागितली तर स्पष्ट सांगा.

९. पैसे पाठवणं आणि व्हिसा

ब्रिटनच्या व्हिसाला राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो. एक दिवस शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जातो. शेअर, म्युच्युअल फंड, सोनं चालत नाही. आईवडिलांच्या खात्यात असेल तर जन्मदाखला आणि संमतिपत्र जोडा. जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं आईचं नाव वेगळं असणं हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. तो आत्ताच निस्तरा, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला वेळ लागतो.

एका आर्थिक वर्षात १० लाखांपुढे परदेशी रक्कम पाठवली की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर कापत नाही. म्हणून फी शक्यतो कर्जातून जाऊ द्या आणि राहण्याचा खर्च घरच्या पैशातून. कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावर वळती होते, पण ऑगस्टमध्ये हातात नसते, आणि पैसे ऑगस्टमध्येच लागतात.

वाद्य नेताना सहार विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परत आणताना ड्युटीचा प्रश्न येत नाही. त्यासाठी चेक-इनच्या आधी तासभर हातात ठेवा.

१०. दुसरं वर्ष

पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही. नूतनीकरणाला किती गुण लागतात, फॉर्म कधी भरायचा, हे पहिल्या महिन्यात विचारा.

देणाऱ्यांना सहा महिन्यांनी एक पत्र जायला हवं : काय शिकली, काय वाजवलं, किती खर्च झाला, पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग. आमच्या ट्रस्टला सात वर्षांत असं पत्र दोनदाच आलं, आणि त्या दोघांना दुसऱ्या वर्षीचे पैसे मुलाखतीशिवाय मंजूर झाले. जूनचं पत्र जानेवारीतच अर्धं लिहून ठेवा. मे-जूनमध्ये त्यांच्या परीक्षा असतात, तेव्हा मुलं आईचाही फोन उचलत नाहीत.